किल्पेकचे चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधील खेड्यांतल्या जुन्या चर्चविषयी वाचकांकडून जे प्रश्न येतात, त्यांतील निम्म्याहून अधिक प्रश्न फिरून फिरून एकाच वास्तूपाशी येऊन थांबतात. ती वास्तू म्हणजे किल्पेक येथील सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड यांचे पॅरिश चर्च. त्यामुळे सगळ्या चर्चबद्दल थोडे थोडे सांगण्यापेक्षा या एका चर्चच्या आधारे उत्तरे देणे अधिक उपयोगी वाटले. सोपे प्रश्न आधी आणि वादाचे नंतर घेतले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल, तर तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किल्पेक नेमके कुठे आहे? एवढ्याशा खेड्यातले चर्च इतके प्रसिद्ध का?

किल्पेक हे इंग्लंडच्या पश्चिमेकडील हेरफर्डशर परगण्यातले लहानसे खेडे आहे. हेरफर्ड शहराच्या नैर्ऋत्येस ते सुमारे १४ किलोमीटरवर असून वेल्सची सीमा तेथून जेमतेम ८ किलोमीटर आहे. चर्च आकाराने लहान आहे, त्याला उंच मनोरा नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला ते एखाद्या दगडी कोठारासारखे वाटण्याचीही शक्यता आहे. प्रसिद्धीचे कारण जवळ गेल्यावर कळते. बाराव्या शतकातील नॉर्मन कोरीव काम इतक्या विपुल प्रमाणात, इतक्या चांगल्या अवस्थेत आणि मुख्य म्हणजे मूळ जागीच राहिलेले असे इंग्लंडमधील दुसऱ्या कोणत्याही खेड्यातल्या चर्चमध्ये क्वचितच पाहायला मिळते.

२. पॅरिश चर्च म्हणजे काय? कॅथीड्रल, चॅपल आणि पॅरिश चर्च यांत फरक काय?

पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा ठरावीक हद्दीचा मुलूख, आणि त्या मुलखातल्या लोकांचे सामायिक चर्च म्हणजे पॅरिश चर्च. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन हे आयुष्यातले तिन्ही विधी तेथेच होत. मध्ययुगात हद्दीतल्या शेतकऱ्याला उत्पन्नाचा दशांश या चर्चला द्यावा लागे, त्यामुळे पॅरिशची हद्द ही एका अर्थाने महसुलाचीही हद्द होती. कॅथीड्रल हे बिशपचे आसन असते आणि अनेक पॅरिशांचा मिळून बनलेला त्याचा धर्मप्रांत असतो. चॅपल हे बहुधा किल्ल्यातले, वाड्यातले किंवा एखाद्या दूरच्या वस्तीसाठीचे दुय्यम प्रार्थनास्थळ असते. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आजही सुमारे साडेबारा हजार पॅरिश आहेत. इंग्लंडमधील खेड्याचा सलग इतिहास शोधायचा असेल, तर पहिली पायरी पॅरिश चर्चचीच असते. १५३८ पासून बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवणे प्रत्येक पॅरिशला बंधनकारक झाले, आणि घराण्यांचे मूळ शोधणारे लोक अजूनही याच वह्यांच्या मागे असतात.

३. हे चर्च कधी आणि कोणी बांधले?

आज दिसणारी वास्तू साधारण ११४० च्या सुमारासची मानली जाते. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर विल्यम राजाने ही जहागीर विल्यम फिट्झ नॉर्मन या आपल्या सरदाराला दिली. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत, म्हणजे राजाने करवलेल्या जमीन-मालमत्तेच्या नोंदीत, गावाचे नाव ‘चिपीट’सारख्या रूपात नोंदलेले आहे. चर्च उभारण्याचे श्रेय विल्यम फिट्झ नॉर्मनच्या मुलाला, म्हणजे ह्यू ऑफ किल्पेक याला दिले जाते. ह्यूने ११३४ मध्ये येथील सेंट डेव्हिडचे चर्च आणि किल्ल्यातले सेंट मेरीचे चॅपल ग्लॉस्टर येथील सेंट पीटरच्या मठाला दान केले.

येथे अनेकांचा गोंधळ होतो. दान ११३४ चे असेल, तर बांधकाम ११४० चे कसे, असे ते विचारतात. दान केवळ इमारतीचे नसे. चर्चचा हक्क, त्याचे उत्पन्न आणि तेथे धर्मगुरू नेमण्याचा अधिकार हे सगळे त्यात येई. त्यामुळे आधीच्या चर्चचे दान होऊन पुढील काही वर्षांत नवी इमारत उभी राहणे यात विसंगत काही नाही. शिवाय ११४० हे साल शिलालेखातून आलेले नाही. ते शैलीवरून आणि शेजारच्या चर्चशी तुलना करून काढलेले आहे, त्याविषयी प्रश्न १० पाहा.

४. नॉर्मन लोकांच्या आधी तेथे काही होते का? चर्चला दोन संतांची नावे का?

होते. हा भाग आर्चनफील्ड नावाने ओळखला जाई. वेल्श भाषेत त्याला एर्गिंग म्हणत, आणि नॉर्मन येण्यापूर्वी कित्येक शतके तेथे वेल्श ख्रिस्ती परंपरा रुजलेली होती. वेल्समधील लँडाफच्या जुन्या दस्तऐवजसंग्रहात किल्पेकच्या डेव्हिडच्या चर्चचा उल्लेख सापडतो. सध्याच्या वास्तूतही मुख्य दालनाच्या ईशान्य कोपऱ्यातले काही बांधकाम नॉर्मनपूर्व, म्हणजे सॅक्सन काळातले असावे, असे अभ्यासक मानतात. कोपऱ्यातल्या चिऱ्यांची मांडणी बाकीच्या भिंतीपेक्षा वेगळी आहे, हे नीट पाहिले तर साध्या डोळ्यांनाही जाणवते.

दोन नावांचा उलगडा प्रश्न ३ मधल्या दानपत्रातच आहे. डेव्हिड हे मूळचे नाव. तो वेल्सचा प्रसिद्ध संत नसून त्याच नावाचा कोणी स्थानिक साधुपुरुष असण्याचीही शक्यता आहे. किल्ला ओस पडल्यावर तेथल्या चॅपलचे मेरीचे नाव गावातल्या चर्चला जोडले गेले असे मानतात.

५. चर्चचा आराखडा कसा आहे? आत गेल्यावर काय कुठे असते?

आराखडा सरळ आणि समजायला सोपा आहे. पश्चिमेकडून पूर्वेकडे एका ओळीत तीन भाग येतात. पहिला आणि सर्वांत मोठा भाग म्हणजे नेव्ह, जेथे गावकरी उभे राहत. दुसरा चान्सेल, जो धर्मगुरूंचा भाग. तिसरा ॲप्स, म्हणजे पूर्वेकडचा अर्धवर्तुळाकार शेवट, जेथे वेदी असते. प्रत्येक भाग आधीच्या भागापेक्षा अरुंद होत जातो आणि मध्ये कमान येते, त्यामुळे दारातून पाहणाऱ्याची नजर आपोआप वेदीकडे ओढली जाते. सभामंडप, अंतराळ आणि गर्भगृह हा क्रम ज्यांच्या परिचयाचा आहे, त्यांना ही रचना पटकन उमगेल. साम्य मात्र एवढ्यापुरतेच धरावे, कारण चर्चमध्ये गावकऱ्यांचा समुदाय एकत्र जमून उपासना करतो आणि नेव्हचा आकार त्या गरजेतून ठरतो.

प्रवेश पश्चिमेकडून नसून दक्षिणेच्या दाराने आहे. इंग्लंडमधील खेड्यांतल्या चर्चमध्ये ही नेहमीची पद्धत आहे.

६. नॉर्मन शैली ओळखायची कशी?

पहिली खूण कमानीची. नॉर्मन कमान अर्धवर्तुळाकार असते, आणि टोकदार कमान दिसली की ती बहुधा बाराव्या शतकाच्या अखेरीनंतरची समजावी. भिंती जाड असतात, खिडक्या लहान आणि अरुंद असतात, भिंतीला बाहेरून लावलेले आधार चपटे असतात आणि कमानींवर नागमोडी दातेरी नक्षी असते. पुढील चार शतकांत कमानी टोकदार झाल्या, खिडक्या रुंद झाल्या आणि त्यांत दगडी जाळी आली. बहुतेक पॅरिश चर्चमध्ये हे सगळे थर एकमेकांवर चढलेले असतात, नेव्ह एका शतकातला आणि मनोरा दुसऱ्या शतकातला. किल्पेकमध्ये तसे फारसे घडले नाही, म्हणून नॉर्मन चर्च मुळात कसे दिसत असेल याचा अंदाज येथे एका दृष्टिक्षेपात येतो.

७. दक्षिणेच्या दारावर काय काय कोरलेले आहे?

या दारापाशी अर्धा तास सहज जातो. वरच्या अर्धवर्तुळाकार फलकावर, ज्याला टिंपॅनम म्हणतात, एक झाड कोरलेले आहे. त्याची पाने आणि घोस द्राक्षवेलीसारखे आहेत आणि त्याला सामान्यतः जीवनवृक्ष म्हटले जाते. ख्रिस्ती धर्मात द्राक्षवेल हे खुद्द ख्रिस्ताचे प्रतीक आहे, त्यामुळे दारावर ती असणे स्वाभाविकच आहे. फलकाभोवतीच्या कमानींवर चोचीसारखी तोंडे असलेली डोकी, पक्षी, ड्रॅगन आणि काल्पनिक श्वापदे एकापुढे एक मांडलेली आहेत. त्यांतील एकाला मँटिकोर आणि दुसऱ्याला बॅसिलिस्क मानतात. मध्ययुगातील प्राणिकथांच्या हस्तलिखितांत हे दोन्ही प्राणी भेटतात.

दाराच्या दोन्ही बाजूंना दोन दोन खांब आहेत. बाहेरच्या खांबांवर साप आहेत आणि प्रत्येक साप पुढच्या सापाचे शेपूट गिळत आहे. सर्प कात टाकतो म्हणून हे पुनर्जन्माचे प्रतीक, असा एक अर्थ लावला जातो. आतल्या उजव्या खांबावर वेलींमध्ये पक्षी आहेत, आणि त्याच बाजूला वर तोंडातून वेली बाहेर पडणारा मानवी चेहरा आहे, ज्याला आज ‘ग्रीन मॅन’ म्हणतात. आतल्या डाव्या खांबावर वेलींत गुरफटलेले दोन योद्धे आहेत. त्यांनी सैलसर विजारी घातल्या आहेत, आणि त्या काळच्या शिल्पात असा पोशाख इतका विरळा आहे की, हे योद्धे नेमके कोण यावर अनेक तर्क लढवले गेले आहेत.

ग्रीन मॅन आणि आपल्याकडचे कीर्तिमुख यांतील साम्याबद्दल पुष्कळ जण लिहितात. रूपसाम्य आहे, पण त्यांचा परस्परसंबंध दाखवणारा पुरावा किल्पेकपुरता तरी पुढे आलेला नाही. तुलना करताना कोणता सावधपणा ठेवावा, हे प्रश्न ९ मध्ये सविस्तर आले आहे.

८. छपराखाली ओळीने दिसणारी ती विचित्र तोंडे कशाची?

ती कॉर्बेल होत. भिंतीतून बाहेर काढलेल्या ज्या दगडी हातांवर छपराच्या कडेचा दगडी थर टेकतो, त्यांना कॉर्बेल म्हणतात. साधा चौकोनी दगड ठेवला असता तरी काम भागले असते, पण किल्पेकच्या कारागिरांनी जवळपास प्रत्येक दगडाला वेगळा चेहरा दिला. १८४२ च्या एका आराखड्यात ९१ कॉर्बेल दाखवलेले आहेत, आणि आज त्यांतील ८५ उरले आहेत. कमी झालेल्या सहांबद्दल एक कथा हौसेने सांगितली जाते, ती अशी की व्हिक्टोरियन काळातील कोणा सोवळ्या व्यक्तीने अश्लील वाटलेले कॉर्बेल काढून टाकले. कथा गमतीदार असली, तरी सर्वांत उघडावाघडा कॉर्बेल मात्र शाबूत राहिला आहे, हे ती सांगणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी बसलेले आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून आजच्या व्यंगचित्राची आठवण झाल्यावाचून राहत नाही. क्रूस धरलेले कोकरू आहे, जे ख्रिस्ताचे चिन्ह आहे. वादक आहे, एकमेकांना मिठी मारलेली किंवा कुस्ती खेळणारी जोडी आहे, आणि तोंडात माणूस धरलेले श्वापदही आहे. पवित्र आणि गमतीदार विषयांची अशी सरमिसळ आपल्याला खटकते, पण बाराव्या शतकातील माणसाला ती खटकत नसावी, कारण अशी उदाहरणे फ्रान्सपासून स्पेनपर्यंत सगळीकडे आढळतात.

९. शीला-ना-गिग म्हणजे काय? तिचा आपल्या लज्जागौरीशी संबंध आहे का?

हा सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न आहे. ॲप्सच्या बाहेरील कॉर्बेलांमध्ये एक मोठ्या डोळ्यांची आणि मोठ्या डोक्याची स्त्रीआकृती आहे, जी दोन्ही हातांनी स्वतःची योनी उघडून दाखवते. अशा आकृत्यांना शीला-ना-गिग म्हणतात. हे नाव शिल्पांइतके जुने नाही. ते १८४० च्या सुमारास आयर्लंडमध्ये नोंदले गेले आणि पुढे सगळ्या तत्सम आकृत्यांना चिकटले. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये अशा अनेक आकृत्या असून किल्पेकची त्यांतली सर्वांत प्रसिद्ध म्हणावी लागेल.

तिच्या अर्थाविषयी तीन मते प्रामुख्याने मांडली जातात. कामवासनेपासून सावध करणारे ते चित्र आहे, असे पहिले मत. वाईट नजर आणि दुष्ट शक्ती दूर ठेवण्यासाठी ती आहे, असे दुसरे. ख्रिस्तपूर्व काळातील सुफलनदेवतेचा तो अवशेष आहे, असे तिसरे. फ्रान्स आणि उत्तर स्पेनमधील त्याच काळातल्या चर्चवर अशाच प्रकारच्या स्त्री-पुरुष आकृत्या आहेत, त्यामुळे पहिले मत अधिक सबळ वाटते. तिसरे मत सर्वांत लोकप्रिय असले, तरी त्याला जुना आधार सर्वांत कमी आहे.

लज्जागौरीशी तुलना मराठी वाचकाच्या मनात येणे साहजिकच आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे आणि दख्खनमध्ये इतरत्र सापडलेल्या लज्जागौरीच्या मूर्ती किल्पेकच्या चर्चपेक्षा कित्येक शतके जुन्या आहेत. परंतु लज्जागौरीच्या डोक्याच्या जागी बहुधा कमळ असते, ती उताणी असते, आणि ती पूजेतली देवता आहे. शीला मोठ्या डोक्याची आणि वटारलेल्या डोळ्यांची असून ती छपराच्या काठाखाली इतर अनेक आकृत्यांच्या ओळीत बसवलेली आहे. तिची पूजा होत होती, असे किल्पेकमध्ये काहीही दर्शवत नाही. म्हणून दोघींना शेजारी ठेवून पाहावे, पण एकीपासून दुसरी निघाली असे म्हणू नये.

१०. ‘हेरफर्डशर स्कूल’ म्हणजे शिल्पकलेची शाळा होती का?

नाही. येथे स्कूल याचा अर्थ परंपरा किंवा घराणे असा घ्यावा, जसे आपण गायकीचे घराणे म्हणतो. बाराव्या शतकाच्या दुसऱ्या पादात आणि त्यानंतर हेरफर्डशर आणि आसपास काम करणाऱ्या शिल्पकारांच्या एका गटाला कलेतिहासकारांनी हे नाव दिले. या कारागिरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. ब्रिन्सॉप येथील टिंपॅनम, अर्डिस्ली आणि कासल फ्रोम येथील बाप्तिस्म्याची पात्रे आणि रोलस्टोन येथील काम याच परंपरेतले आहे. दोन शिल्पांतील कपड्यांच्या रेषा, गाठी आणि चेहरे ताडून पाहिले की हात एकच असावा, हे कळू लागते.

शॉब्डन येथील चर्च या परंपरेच्या सुरुवातीचे मानतात. ते उभारणारा ऑलिव्हर दे मेर्लिमाँ हा ह्यू दे मॉर्टिमर या सरदाराचा कारभारी होता, आणि तो स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्टेला येथे यात्रेला जाऊन आला होता. त्या मार्गावरील पश्चिम फ्रान्सच्या चर्चची छाप या कामावर दिसते. त्याच दगडांवर उत्तरेकडील व्हायकिंग परंपरेतील गुंतागुंतीचे वेलबंध आणि केल्टिक गाठीही आहेत. शॉब्डनचे चर्च अठराव्या शतकाच्या मध्यास पाडले गेले आणि त्याच्या कमानी टेकडीवर शोभेसाठी उभ्या केल्या गेल्या. उघड्यावर पडलेले ते कोरीव काम आज जवळजवळ पुसले गेले आहे. किल्पेकचे महत्त्व नेमके कळायचे असेल, तर आधी शॉब्डन पाहावे, असे माझे मत आहे.

११. चर्चच्या आत पाहण्यासारखे काय आहे?

नेव्ह आणि चान्सेल यांमधील कमान आधी पाहावी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खांबांवर प्रत्येकी तीन प्रेषितांच्या आकृत्या एकावर एक उभ्या आहेत. हातात किल्ली असलेला प्रेषित पीटर सहज ओळखता येतो. खांबावर अशा आकृत्या रचण्याची पद्धत सांतियागोच्या एका द्वाराची आठवण करून देते, आणि प्रश्न १० मधील यात्रेच्या उल्लेखाला त्यामुळे बळ मिळते. त्यापुढे ॲप्सच्या दगडी छताला दातेरी नक्षीच्या फासळ्या आहेत, आणि त्या जेथे मिळतात तेथे सिंहासारखी चार तोंडे आहेत. बाप्तिस्म्याचे पात्र मोठे आणि साधे आहे. बाकीचा अंतर्भाग बराच रिकामा आणि शांत वाटतो.

१२. चर्च कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट?

वसईच्या एका वाचकाने हा प्रश्न विचारला आणि नंतर तो इतरांकडूनही आला. बांधले तेव्हा ते कॅथलिकच होते, कारण पश्चिम युरोपात तेव्हा दुसरा पर्याय नव्हता. १५३४ मध्ये आठव्या हेन्रीने इंग्लंडच्या चर्चवरील पोपचा अधिकार संपवला आणि स्वतः त्याचा प्रमुख झाला. तेव्हापासून किल्पेकचे चर्च इतर पॅरिश चर्चसोबत चर्च ऑफ इंग्लंडमध्ये आले. योगायोगाने त्याच वर्षी गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली, म्हणजे एकीकडे रोमशी नाते तुटत असताना दुसरीकडे ते नव्याने जुळत होते. पुढे सहाव्या एडवर्डच्या काळात इंग्लंडभर चर्चमधील मूर्ती हटवल्या गेल्या आणि भित्तिचित्रांवर चुना फासला गेला.

१३. मग किल्पेकचे कोरीव काम वाचले कसे?

याला एकच कारण देता येत नाही. दगड हा पहिला घटक आहे. येथील तांबडा वालुकाश्म असाधारण टिकाऊ निघाला. दुसरे म्हणजे दक्षिणेचे दार बराच काळ लाकडी मंडपाने झाकलेले होते. तो मंडप १८६८ मध्ये लोकांना दार नीट दिसावे म्हणून काढला गेला, आणि पाणी झिरपू नये म्हणून १९६२ मध्ये वर एक अरुंद लाकडी पट्टी बसवली गेली. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे गरिबी. चौदाव्या शतकानंतर या भागाची भरभराट ओसरली. जेथे लोकरीचा पैसा आला, तेथे श्रीमंत गावकऱ्यांनी जुनी चर्च पाडून नवी भव्य चर्च उभारली. किल्पेकला तसे करणे परवडले नाही. सतराव्या शतकातील कडव्या प्युरिटनांनी, म्हणजे चर्चमधील मूर्ती-सजावटीला विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंटांनी, या ‘मूर्तिपूजक’ श्वापदांना हात का लावला नाही, याचे समाधानकारक स्पष्टीकरण अद्याप कोणी दिलेले नाही.

१४. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती झाली, तर कोरीव काम ‘मूळ’ कसे म्हणता?

प्रश्न योग्य आहे, कारण व्हिक्टोरियन काळात ‘जीर्णोद्धार’ या नावाखाली इंग्लंडमधील कित्येक चर्चचे मूळ रूप बदलून टाकले गेले. किल्पेकची मोठी दुरुस्ती १८६४, १८९८ आणि १९६२ मध्ये झाली, पण कोरीव दगड बदलून त्या जागी नव्या प्रती बसवण्याचा प्रकार येथे झाला नाही. त्यामुळे ‘मूळ’ हा शब्द कोरीव कामाबाबत वापरावा, संपूर्ण इमारतीबाबत नव्हे.

१५. चर्चला मनोरा का नाही?

मनोरा हा पॅरिश चर्चचा अनिवार्य भाग कधीच नव्हता. घंटेला जागा हवी असते, आणि ती पश्चिमेच्या त्रिकोणी भिंतीवरील लहानशा घंटाकमानीतही होते. किल्पेकला तशीच कमान आहे. पश्चिमेच्या भिंतीतून जबडा वासलेली ड्रॅगनची डोकी बाहेर आलेली आहेत, ती मात्र चुकवू नका.

१६. चर्चजवळच्या टेकडीवर भिंतीचे तुकडे दिसतात, ते कशाचे?

चर्चच्या पश्चिमेस नॉर्मन किल्ल्याचा मातीचा उंचवटा आहे आणि त्यावर दगडी तटाचे दोन तुकडे उभे आहेत. त्यांतील एकात शेगडीची जागा अजून ओळखता येते. जॉन राजा १२११, १२१२ आणि १२१४ मध्ये येथे मुक्कामाला आला होता. यादवी युद्धात १६४५ मध्ये किल्ला निकामी केला गेला. चर्च, किल्ला आणि ईशान्येकडील ओसाड गावाच्या खुणा एकत्र पाहिल्या की, लहानशा वस्तीला एवढे संपन्न चर्च कसे मिळाले याचा उलगडा होतो, कारण ते जहागीरदाराच्या दाराशी उभे होते. ग्लॉस्टरच्या मठाची एक छोटी शाखाही गावाजवळ होती, ती १४२८ मध्ये बंद झाली.

१७. आजही तेथे उपासना होते का? पाहायला जाताना काय लक्षात ठेवावे?

होते. ते संग्रहालय नसून चालते पॅरिश चर्च आहे, त्यामुळे उपासना किंवा अंत्यविधी सुरू असेल, तर बाहेरच्या भिंती आधी पाहून घ्याव्यात. कॉर्बेल उंचावर आहेत म्हणून लहान दुर्बीण जवळ असावी. दक्षिणेच्या दारावर तिरपे ऊन पडते तेव्हा कोरीव रेषा उठून दिसतात, आणि ढगाळ हवेत तेच दार सपाट वाटते. कबरींवर पाय न देता प्रदक्षिणेच्या क्रमाने दक्षिणेकडून पश्चिमेकडे निघालात, तर ड्रॅगनची डोकी लवकर भेटतील आणि शीला अगदी शेवटी.